पामला नेलेला अंधार

विरारला विजेच्या तारा संपतात. आमच्या गाडीला मुंबई सेंट्रलपासूनच कोळशाचं इंजिन होतं, त्यामुळे गाडीला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. पण मी खिडकीतून मान बाहेर काढून तो शेवटचा खांब मागे जाईपर्यंत पाहत राहिले. पुढे नुसते रूळ, दोन्ही बाजूंना मिठागरं आणि वर मोकळं आभाळ. दिवाळी नुकतीच झाली होती. उन्हाचा रंग पिकल्या भाताच्या पेंढ्यासारखा होता. असा रंग मला आजवर दिव्यापुढे लावायच्या कुठल्याही जिलेटिनच्या कागदातून काढता आलेला नाही.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. हे सांगितलं की आजही लोक एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या साडीकडे पाहतात. शाळेत विज्ञान शिकवते ती पोटासाठी. उरलेल्या वेळात आमच्या हौशी नाटक मंडळीचे दिवे सांभाळते. खरं तर मी तिथे नटी व्हायला गेले होते. माझा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही असं पहिल्याच आठवड्यात ठरलं, आणि दिवे जुळवताना नायिकेच्या जागी उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. तासन् तास मी तिथे उभी असायची आणि वर शिडीवर प्रभाकरदादा दिवे फिरवत असायचे. चेहऱ्यावर ऊन पडावं तसा उजेड यायचा, सरकायचा, जायचा. नायिकेचे शब्द मला कधी मिळाले नाहीत, पण हे ऊन येतं कुठून हे बघायला मी एक दिवस पदर खोचून शिडी चढले, आणि नंतर उतरलेच नाही म्हणा ना. दादा सिनेमाच्या स्टुडिओत गेले तेव्हा त्यांच्या जागी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी.

मुंबईबाहेरचा हा माझा पहिलाच दौरा. तारापूरला विजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं, आणि तिथल्या कामगारांनी आमचं नाटक बोलावलं होतं. पहिला प्रयोग बोईसरजवळ सरावलीला, दुसरा एक दिवस मध्ये टाकून पाम गावात. दिग्दर्शक आणि लेखक एकच, आमचे अण्णा. ते मंडळींना घेऊन मागाहून येणार होते. मी दिव्यांच्या पेट्या घेऊन पुढे निघाले होते.

माझ्या पायाशी चिनी मातीच्या बरण्या होत्या, गोधडीत गुंडाळलेल्या. सफाळ्याला समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसली. विड्याच्या पानांच्या रिकाम्या टोपल्या तिने वर टाकल्या आणि बरण्यांकडे बोट दाखवलं.

"लोणचं का गो, बाय?"

"नाही. डिमर आहेत. दिवा हळूहळू कमी करायचा असला की लागतात."

"मंग आत काय घालता?"

"मीठ आणि पाणी."

"मंग लोणचंच की!" ती म्हणाली, आणि तिचं समाधान झालं.

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. मिठाच्या पाण्यात दोन पत्रे सोडायचे, वीज पाण्यातून जाते, एक पत्रा हळूहळू वर घेतला की दिवा मावळतो. तिने सगळं ऐकून घेतलं. ती माकुणसारची होती. केळवा रोडला उतरताना म्हणाली, "आमच्याकडं दिवा कमी करायला काय लागत नाय. रॉकेल संपलं की तो आपसूक कमी होतो." स्वतःच्याच बोलण्यावर हसत ती टोपल्या सांभाळत उतरून गेली.

पालघरला उतरल्यावर पहिला वास आला तो वाळक्या गवताचा. स्टेशनजवळ गवताच्या वखारी होत्या; मुंबईच्या तबेल्यांसाठी गासड्या बांधून ठेवलेल्या. टांगेवाल्याने पेट्या चढवताना गोधडी आपटली आणि एक बरणी तडकली. मग आधी बाजार गाठावा लागला. दुकानदाराने पुढे केलेल्या प्रत्येक बरणीला मी आतून हात लावून पाहत होते, तोंड किती रुंद आहे ते मोजत होते. शेवटी तो म्हणाला, "बाई, एवढ्या निवडीनं घातलेलं लोणचं दहा वर्षं टिकेल." मी पैसे मोजून दिले. सकाळपासून दुसऱ्यांदा माझं लोणचं झालं होतं.

मंडप आणि जनित्र पालघरच्या रतिलालशेठचं. लग्नांचे मंडप, कर्णे, रंगीत बल्बांच्या माळा असा त्यांचा पसारा होता. मी त्यांना कागदावर काढून दाखवलं: इथे हा दिवा, तिथे तो, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी सगळं बंद. काळोख.

"सगळं बंद?" शेठनी चष्मा वर केला. "ताई, माझा धंदा लाईट लावायचा हाय. तुमी घालवायचं बोलता."

"तो नाटकाचा भाग आहे, शेठ."

"असेल." त्यांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. "पण लोक मला शिव्या देतील."

त्यांच्याच ट्रकमधून, जनित्राला टेकून, मी बोईसरला गेले. रस्ता धुळीचा. समोरून सिमेंटच्या, लोखंडाच्या गाड्या येत आणि प्रत्येक गाडीमागे काही क्षण जगच नाहीसं होई. धूळ खाली बसली की पुन्हा ताडाची झाडं, कापलेली शेतं, कुठे एखादं कौलारू घर. बोईसरच्या बाजारात चहा प्यायले तेव्हा शेजारच्या बाकावर सांगलीची मराठी होती, पलीकडे बिहारकडची हिंदी, आणि चहावाला गुजरातीतून हिशेब ओरडत होता.

सरावलीला पत्र्याच्या बराकींची रांग होती. तिथे आम्हाला बोलावणारे माने भेटले. हे साताऱ्याकडचे, बांधकामावर मुकादम. घर सोडून दोन वर्षं झाली होती, आणि नाटकाचं वेड घरून येताना बरोबर आणलं होतं.

"आमच्या लोकांनी तमाशा पाहिलाय, सिनेमा पाहिलाय," ते म्हणाले. "पण असलं गंभीर नाटक पहिल्यांदाच. तुम्ही बिनघोर ऱ्हावा. माणसं जीव लावून बघतील."

बराकींत बायकांची सोय होण्यासारखी नव्हती. म्हणून मी, आमची नायिका शालिनी आणि सासूचं काम करणाऱ्या इंदिराबाई यांचा मुक्काम पामला, जानकीबाईंच्या घरी ठरला होता. घर वाडीत होतं. मागे केळी, मिरच्यांचे वाफे, विहिरीवर रहाट. जानकीबाई पन्नाशीच्या, हाडाने काटक, आणि प्रश्न विचारण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. माझं लग्न का झालं नाही, शाळेत मारते का, मुंबईत पाणी किती वेळ येतं, हे सगळं त्यांनी मी पाय धुऊन होईपर्यंत विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी मंडळी आल्यावर त्यांनी उकडहंडी केली (वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी असं थंडीतलं सगळं मडक्यात घालून, मडक्याचं तोंड पाल्याने बंद करून शिजवतात). इंदिराबाईंनी तीनदा वाढून घेतली. जुन्या नाटक कंपनीत वाढलेल्या बाई. जेवण आणि झोप मिळेल तिथे पदरात पाडून घ्यायची त्यांना सवय होती.

नाटकाबद्दल थोडं सांगायला हवं. एका सुनेचा नवरा परागंदा झाला आहे. ती आणि सासू दोघीच घरात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, सासू झोपलेली असताना, सून घर सोडून जाते. अण्णांनी लिहिलं होतं, 'ती दिवा मालवते.' मी त्यावर संपूर्ण रंगमंच काळा केला होता. फक्त कडी काढल्याचा आवाज, आणि काळोख. मुंबईतल्या स्पर्धेत त्या काळोखाला बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. आईने ते कात्रण देवघरात ठेवलं होतं.

सरावलीला मैदान भरून गेलं. पुढे गोणपाटांवर माणसं, मागे ट्रकांच्या टपांवर माणसं. पामहून जानकीबाई आणि त्यांच्या दोन शेजारणी आमच्याबरोबरच आल्या होत्या. पहिला अंक उत्तम गेला. माने म्हणाले होते तशी माणसं जीव लावून बघत होती.

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. शालिनीने दिवा मालवला. मी बरणीतला पत्रा वर ओढला. मैदान काळंठिक्कर झालं. कडी वाजली.

आणि कुणीतरी ओरडलं, "बत्ती गुल!"

पाठोपाठ शंभर तोंडांनी शिट्ट्या. जनित्राच्या दिशेने धावणारी पावलं. एक हिंदी आवाज, "हटो, हटो, मैं देखता हूँ, फ्यूज उड़ा होगा!" ही सगळी वीज आणणारी माणसं, वीज गेली तर स्वस्थ कशी बसतील? मुलं रडू लागली, बायका पोरांना उचलून उठल्या. मी घाईने पत्रा खाली सोडते आहे तोवर मागच्या ट्रकवाल्याने परोपकार म्हणून आपले दोन्ही हेडलाइट रंगमंचावर सोडले.

त्या झगझगीत उजेडात सगळ्या मैदानाने पाहिलं: घर सोडून गेलेली सून हातात चपला घेऊन चवड्यांवर विंगेकडे चालली आहे, दोन माणसं घराचं दार उचलून नेताहेत, आणि झोपलेली सासू खाटेवर बसून पाठ खाजवते आहे.

हसण्याची अशी लाट मी आयुष्यात ऐकलेली नाही. तिसरा अंक झाला, पण तो कुणी ऐकला नाही. सून दिसली की लोकांना चपला आठवत.

प्रयोगानंतर अण्णा माझ्याशी चढ्या आवाजात बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले.

"परवा पामला सगळे दिवे लावून ठेवायचे. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत. रतिलालशेठचा माणूस बटण दाबेल."

"मग मी काय करू?"

"तू बघ नाटक," ते म्हणाले. "खूप दिवस पाहिलं नसशील."

मध्ये एक दिवस मोकळा होता. मी सकाळी एसटीने तारापूरला गेले. कुणाशी बोलायची इच्छा नव्हती आणि समुद्र पाहायचा होता. किल्ल्याच्या भिंतीला लागून वाडी होती; तिथल्या माळ्याने काही न विचारता शहाळं सोलून दिलं. खाडीपलीकडे चिंचणी. किनाऱ्यावर काठ्यांच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून, ओळीने. वारा आला की सगळी रांग एकदम हले. एक कोळीण त्यांवरून हात फिरवत चालली होती. मी विचारलं, "वाळले हे कसं कळतं?" ती म्हणाली, "वाजतात." मी कान दिला. खरोखरच बारीक खडखड होती. दक्षिणेला, दूर, बांधकामाच्या याऱ्या (क्रेन) आभाळात वाकून उभ्या होत्या. तिथे रात्रंदिवस उजेड असतो असं माने सांगत होते.

संध्याकाळी पामला परतले. जानकीबाई ओट्यावर कंदिलाची काच राखेने पुसत होत्या. मी शेजारी बसले, तशी त्यांनी कालपासून अडवून धरलेला प्रश्न सोडला.

"ती पोर दिवा विझवून का गेली?"

"म्हणजे?"

"काळोखात भायेर कोन जातं? पायाखाली किरडू-मिरडू (साप वगैरे) असतं. दिवा घेऊन जायाचा ना!"

"अहो, सासूला कळू नये म्हणून ती चोरून जाते."

"चोरून जाईल. आंधळी होऊन कशाला जाईल?" त्यांनी काच बसवली, वात पेटवली. "मला तर ती मूर्खच वाटली. एवढं मन घट्ट करून घर सोडलंन आनी कंदील नाय घेतला."

मी हसले, पण उठले नाही. अंधार पडत होता. घरात दिवे दोनच होते: हा कंदील, आणि चुलीजवळ एक चिमणी (पत्र्याची छोटी रॉकेलची दिवटी). शेजारणी आणि घरची माणसंही ओट्यावर येऊन बसली होती. जानकीबाई कंदील घेऊन आत गेल्या तशी आम्ही सगळी नाहीशी झालो. कुणी दचकलं नाही, कुणी बोलायचं थांबलं नाही. कंदील आत गेला आहे हे सगळ्यांना दिसत होतं. दाराच्या फटीतून त्याची पट्टी अंगणात आली, सरकली, विहिरीकडे गेली. जानकीबाईंचे यजमान तोच कंदील घेऊन बैलांना पाणी दाखवायला निघाले होते. तो परत आला तेव्हा आमचे चेहरे परत आले.

मला एकदम उठून उभं राहावंसं वाटलं. मुंबईत माणसं उजेडातून येतात, त्यांना मी काळोख दाखवते, तो त्यांना नवा असतो. इथे काळोख काय दाखवायचा? तो रोज अंगणात येऊन बसतो. इथे माणसं उजेड कुठे चालला ते बघतात.

मी आत जाऊन शालिनीला आणि इंदिराबाईंना म्हटलं, "त्या घरात कंदील एकच आहे असं समजा. सून तो उचलते. दारापर्यंत जाते. तिथे तिला आठवतं, की तो नेला तर म्हातारी काळोखात राहील. ती परत येते, खाटेजवळ कंदील ठेवते आणि जाते. उजेड मागे राहतो."

शालिनीला ते आवडलं. इंदिराबाई पान लावत राहिल्या.

अण्णांना सांगायला सकाळी सरावलीपर्यंत गेले. ते बराकीबाहेर दाढी करत होते.

"स्पर्धेत बक्षीस मिळालेला प्रवेश आहे तो," ते म्हणाले.

"इथे त्याला हशा मिळाला."

त्यांनी वस्तरा थांबवला. गालावरचा साबण पुसला. "कर. पण एक ऐक. रंगमंच क्षणभरही काळा झाला, तर पुढच्या नाटकाला मी दुसरा माणूस बघणार. आत्ताच सांगतोय."

"नाही होणार," मी म्हटलं.

पामचा प्रयोग शाळेच्या मैदानात होता. कामगार थोडे, गावकरी जास्त. पुढची सगळी जागा बायकांनी धरली होती, मध्यभागी जानकीबाई. सरावलीची हकिगत आसपासच्या गावांत पोचलेली होतीच. काही तरुण केवळ चपलांसाठी आले होते. मी रंगमंचाच्या उजव्या बाजूला माझ्या बरण्यांपाशी बसले. अण्णा पलीकडच्या विंगेत, हाताची घडी घालून.

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. मी इतर दिवे हळूहळू उतरवत नेले, इतके हळू की कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि शेवटी फक्त खऱ्या कंदिलाचा उजेड आणि त्याला आधार देणारा माझा एक मंद दिवा एवढंच उरलं. शालिनीने कंदील उचलला. तिची सावली मागच्या भिंतीवर मोठी झाली. ती दारापर्यंत गेली. थांबली. वळून सासूकडे पाहिलं. परत येऊन कंदील खाली ठेवायला वाकली.

"ने गो बाय, तो कंदील ने!"

जानकीबाई. उभ्याच राहिल्या होत्या.

"काळोख हाय भायेर! म्हातारी निजली हाय, तिला काय करायचा?"

"आनी रातीला उठली म्हंजे?" मागून दुसरी बाई. "पडेल ना ती!"

"पडत नाय! तिच्या घरातली तिला वाट ठावकी हाय!"

"तू ऱ्हा मंग काळोखात!"

एका क्षणात पुढच्या रांगांत दोन तट पडले. कुणी हसत नव्हतं. चपलांसाठी आलेले तरुणही नव्हते. शालिनी अर्धी वाकलेली, कंदील जमिनीपासून वीतभर वर, तशीच राहिली. तिने एकदा बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय सांगणार? माझ्या हातात फक्त बरण्यांतले पत्रे ओढायच्या दोऱ्या होत्या. तिचा हात कापायला लागला आणि भिंतीवरची सावलीही कापू लागली.

तेवढ्यात खाटेवर हालचाल झाली. इंदिराबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. त्यांनी कूस बदलली नाही. फक्त एक हात वर उचलला आणि म्हणाल्या,

"ने तो. मी जागीच आहे."

हे वाक्य नाटकात नव्हतं.

वाद घालणाऱ्या बायका खाली बसल्या. शालिनी हळूहळू सरळ झाली. कंदील तिच्या हातातच होता. सासू जागी आहे. सासूला माहीत आहे. कधीपासून माहीत होतं? आम्ही वर्षभर हे नाटक करत होतो आणि हा प्रश्न आम्हाला कुणालाच पडला नव्हता. शालिनीने खाटेला वाकून नमस्कार केला. तोही नाटकात नव्हता. मग ती वळली, दारातून बाहेर पडली, आणि विंगेत न जाता रंगमंचाच्या पायऱ्या उतरून सरळ मैदानात आली. बायकांनी बसल्या जागी सरकून तिला वाट दिली.

आता सगळं माझ्यावर होतं. कंदील गेला, रंगमंचावर उरला तो माझा एक आधाराचा दिवा. तो ठेवला तर रंगमंच उजळ राहील आणि मी अण्णांना दिलेला शब्द पाळला जाईल. पण मग म्हातारीच्या घरात उजेड आला कुठून? समोर विंगेत अण्णा माझ्याकडे रोखून पाहत होते. त्यांना पण तोच प्रश्न पडला आहे की नाही, मला कळेना.

मी पत्रा वर घेतला. शालिनीच्या पावलांबरोबर, बोटभर, आणखी बोटभर. ती जसजशी लांब जाईल तसतशी खाट बुडत गेली. इंदिराबाईंचा वर उचललेला हात सगळ्यात शेवटी गेला. मग रंगमंच पूर्ण काळा झाला.

शिट्टी आली नाही. मूल रडलं नाही. जनित्राकडे कुणी धावलं नाही. मी वळून पाहिलं तर सगळ्या गावाची पाठ रंगमंचाकडे होती. सगळे त्या कंदिलाकडे पाहत होते. तो मैदान ओलांडून, शाळेच्या फाटकातून बाहेर, ताडांच्या मधून, शेतातल्या वाटेने चालला होता. लहान होत होता. बांधावर चढताना थोडा हलला, तेव्हा एक बाई पुटपुटली, "सांभाळून." आणि त्याच वेळी मागच्या काळोखातून, खाटेवरून, इंदिराबाई एकदाच खोकल्या.

पडदा ओढायचा दोर माझ्याच बाजूला होता. तो ओढायचा असतो हे मला बऱ्याच वेळाने आठवलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या प्रवासाला निघालो. जानकीबाईंनी केळीच्या पानात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. नाटक कसं वाटलं असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तिसरा अंक जास्ती झाला. ती पुढं काय करते ते कशाला दाखवता? गेली ती गेली." हे त्यांनी अण्णांच्या देखत सांगितलं. अण्णा बैलगाडीत चढले.

बोईसरहून गाडीत बसल्यावर मी इंदिराबाईंना विचारलं, "ते वाक्य तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं कसलं?" त्या भाकऱ्यांचं पान सोडत म्हणाल्या. "त्या पोरीचा हात कापत होता. समोर भिंतीवर तिची सावली कापताना मला दिसत होती. रॉकेलचा कंदील खाटेजवळ पडला असता तर मीच पेटले असते. म्हटलं, जा बाई घेऊन एकदाची."

शालिनी हसून हसून खिडकीवर वाकली. मीही हसले. पण थोड्या वेळाने इंदिराबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि खरं सांगू? अशा वेळी झोप कुठल्या बाईला लागते?"

अण्णा समोर बसून हस्तलिखितात काहीतरी खोडत होते. वैतरणेच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"रंगमंच काळा झाला," ते मला म्हणाले.

"हो."

"पुढच्या महिन्यात नव्या नाटकाचं वाचन आहे. घरी. ये."

प्रकाशयोजना करणाऱ्याला वाचनाला बोलवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. नेपथ्य उभं राहिल्यावर, शेवटच्या आठवड्यात आम्हाला निरोप यायचा. मी 'येईन' म्हटलं. गेले ते वाचनाला. तेव्हापासून जाते आहे. नाटक वाचलं जात असताना बाकीचे संवाद ऐकतात. मी त्या घरात संध्याकाळी कोण कुठे बसतं ते शोधत असते. कागदावर दिवे काढायला मी फार उशिरा सुरुवात करते. आधी माणसं कुठून कुठे चालली आहेत ते कळावं लागतं, आणि ते कळायला कधी कधी त्या माणसांच्या गावी जाऊन यावं लागतं.

परतीच्या त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळी हकिगत सांगितली: सरावलीचे हेडलाइट, बोंबील, जानकीबाई, इंदिराबाईंचा हात. ती ऐकता ऐकता थांबली. मेथीची जुडी हातात तशीच.

"म्हणजे म्हातारीला काळोखात ठेवून गेली?"

"अगं, तिनेच सांगितलं ना, ने म्हणून!"

"सांगितलं म्हणून न्यायचा?"

"मग काय, हिने अंधारात ठेचकाळत जायचं?"

आईने जुडी खाली ठेवली, चष्मा काढला आणि मांडी बदलून बसली. त्या दिवशी आमच्याकडे मेथीची भाजी झाली नाही. आमचं दोघींचं त्यावर अजूनही एकमत झालेलं नाही.